माझ्यापुरतं

चौथ्या ओळीत मिलोसावा निघाली. माझ्या आईचं नाव स्तांका. कागदाच्या पहिल्या ओळीत स्तांकाच होती, खाली सहीच्या जागेवरही स्तांकाच. पण चौथ्या ओळीत, ‘वडिलांच्या मिळकतीवरचा माझा वारसाहक्क मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय सोडत आहे’ या वाक्याच्या ऐन पोटात, ‘मी, मिलोसावा’ असं छापलेलं होतं. नोटरीबाई किराण्याची यादी वाचावी तसं भराभर वाचत होत्या. त्या थबकल्या, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाल्या, “अगं बाई! ही परवाची. परवाची राहिलीच की आत.” आणि हसल्या. वुकोतामामा हसला. माझी आईसुद्धा हसली, ओठ न उघडता, जशी ती दातांच्या डॉक्टरकडे हसते. मी हसले नाही. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथे पायरीच नसावी, तसं मला झालं. म्हणजे आईनं तोंड उघडायच्या आधीच तिचं वाक्य तयार होतं. तिची स्वखुशी आधीच छापलेली होती. परवा ती मिलोसावाची होती, त्याआधी आणखी कुणाची तरी. फक्त नाव बदलायचं, आणि तेवढंसुद्धा धड बदलायचे कष्ट कोणी घेतले नव्हते. कारण बहीण सोडतेच. बहिणीचं नाव चुकलं तरी वाक्य चुकत नाही.

“दोन मिनिटं हं,” म्हणत नोटरीबाई शेजारच्या खोलीत प्रिंटरकडे गेल्या. दार उघडंच होतं. प्रिंटर खोकला आणि गप्प झाला, बाईंनी त्याच्या आईचा उद्धार केला. आमच्याकडे रागावलं की प्रत्येक वस्तूला आई असते, प्रिंटरलासुद्धा. आम्ही तिघं भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसून राहिलो. मध्ये आई, वसंतात आजोबा गेले तेव्हापासून काळ्या कपड्यांत, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली, जणू कोणी ती पळवायला बसलंय. डावीकडे मी, आज शाळा बुडवून. उजवीकडे मामा, दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, आणि त्याच्या पायांत पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला तळ्यातला कार्प मासा. शेपूट बाहेर आलेलं. बहीण हक्क सोडते त्या दिवशी भावानं हात हलवत यायचं नसतं. आधी काहीतरी द्यायचं, मग सही, मग कुठेतरी चांगल्या ठिकाणी जेवू घालायचं. अख्खी पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन, आणि बदल्यात मासा. कार्यालयात वातानुकूलन होतं तरी माशाचा वास हळूहळू पसरत होता, चिखलाचा, गोड, लहानपणचा वास, आणि मला त्या वासाचासुद्धा राग येत होता, कारण तो मला आवडतो.

काय सोडत होती ती? तळ्याकाठचं दगडी घर. वर दोन खोल्या, खाली थंडगार तळघर आणि त्यात दारूची पिंपं, मागे डोंगराला बिलगलेले द्राक्षांचे पायऱ्यांचे मळे. आजीच्या माघारी आजोबा, आजोबांच्या माघारी दोघं: मामा आणि आई. तसं तिघं आहेत, पण मोठी मावशी ऑस्ट्रेलियात असते, तिला मूलबाळ नाही, आणि तिनं तिकडच्या वकिलातीत जाऊन केव्हाच सोडलं. फोनवर अभिमानानं सांगत होती, “मी सकाळीच जाऊन आले, नवीन कोट घालून.” कायदा म्हणतो अर्धं आईचं. कायद्याला काय, कायद्याला माहेर नसतं. आई आणि मी राजधानीत, पॉद्गोरित्सात, पाचव्या मजल्यावर दोन खोल्यांत भाड्यानं राहतो, खाली बेकरी आहे, म्हणून आमच्या चादरींनासुद्धा पावाचा वास येतो. घरमालकीण स्वतःच्या किल्लीनं आत येते. बेल वाजवत नाही. एकदा मी आंघोळ करून टॉवेलात उभी होते आणि ती स्वयंपाकघरातला नळ बघत होती. “मी काही परकी आहे का?” म्हणाली. वडील नोवी साद शहरात दुसरा संसार करून आहेत, त्यांचं मी इथे काही बोलत नाही. मला एवढंच म्हणायचंय की आतून कडी लावली की बाहेरून कोणालाच उघडता येत नाही, असं एक दार माझ्या आईला अख्ख्या आयुष्यात मिळालेलं नाही. आणि आज ते दार तिच्यासमोर टेबलावर होतं, आणि ती पर्स धरून हसत होती.

आजोबांचं अर्धं अंग लुळं पडलं, तेव्हा ते दोन वर्षं कुठे होते? तळ्याकाठी नव्हते. मामीची पाठ दुखायची. ते आमच्या पाचव्या मजल्यावर होते, माझ्या पलंगावर, आणि मी स्वयंपाकघरात, फ्रीजच्या घुरघुरीत. आई त्यांना भरवायची, पुसायची, कूस बदलायची, मग शाळेत जाऊन भूगोल शिकवायची. आजोबा तिला म्हणायचे, “लेका, जरा पाणी आण.” “लेका, पडदा सरकव.” आमच्याकडे माया दाटून आली की मुलीला लेका, म्हणजे मुलगा, म्हणतात. मुलगी म्हणून माया करायला जीभ वळतच नाही कोणाची. मला हे लहानपणी फार गोड वाटायचं. आता डोक्यात तिडीक जाते. पाणी आणताना लेका, पडदा सरकवताना लेका, गू काढताना लेका, आणि वाटणीच्या दिवशी मात्र एकदम आठवण होते की ही तर मुलगी!

तिचं नाव तरी बघा. स्तांका म्हणजे थांब. पहिली मुलगी झाली तेव्हा घरात कोणी बोललं नाही. दुसरी झाली तेव्हा आजीच्या सासूनं पाळण्याकडे न बघताच सांगितलं, हिचं नाव स्तांका ठेवा, म्हणजे मुली थांबतील. आणि थांबल्या. मागून वुकोता झाला, आजोबांनी गच्चीवरून बंदुकीचे बार काढले, तळ्यातले बगळे उडाले म्हणे. आई हे सांगताना हसते. “माझ्या नावाला गुण आला बघ,” म्हणते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रडले होते आणि ती मला म्हणाली होती, “अगं, भाऊ मिळाला ना मला. त्यापेक्षा काय पाहिजे?” अजूनही तिला काही पटवून द्यायचं असलं की ती भावाची शपथ घेते. देवाची नाही, माझी नाही. भावाची शपथ, मी दूध उतू जाऊ दिलं नाही. भावाची शपथ, बस सुटली.

मामाच्या घरी बैठकीत भिंतीवर वंशवृक्ष आहे, ओकाचं झाड, काचेखाली. प्रत्येक पानावर एक नाव, सगळी पुरुषांची. आठ पिढ्या आणि एकाही बाईनं कोणाला जन्म दिलेला नाही. झाडालाच पुरुष लागले, बाप फांदी, लेक पान. मी पहिलीत होते, नुकती अक्षरं जोडायला शिकले होते आणि दिसेल तिथे माझं नाव लिहीत सुटले होते. तेव्हा काच बदलायला काढलेली होती. मी खुर्चीवर चढून आईचं पान शोधलं, सापडलं नाही, म्हणून मामाच्या पानाशेजारी मोकळ्या आभाळात पेन्सिलीनं लिहिलं: यागोदा. कोणी ओरडलं नाही. आजोबा हसले. पावाचा मऊ गर चिमटीत घेऊन त्यांनी त्याची गोळी केली आणि हळुवार, अगदी हळुवार घासून मला पुसून टाकलं. मग ती काळपट झालेली गोळी कोंबड्यांना टाकली आणि माझा गालगुच्चा घेतला. “लेका,” म्हणाले, “तू दुसऱ्याच्या झाडावर जायची आहेस.” मी खूष झाले होते. गालगुच्च्यामुळे. ते आठवलं की मला आजही आजोबांचा राग धड करता येत नाही, आणि त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो. माणसं दुष्ट असती तर किती सोपं झालं असतं.

प्रिंटर पुन्हा घुरघुरला, पुन्हा अडकला. “कागद ओला आहे का काय,” आतून बाईंचा आवाज. मामा आईकडे वाकून म्हणाला, “ताई, मग जेवायला पुलापलीकडे जाऊ. तिथं कोकरू चांगलं करतात.” आई म्हणाली, “मला शोक आहे रे. मी मांस खात नाही अजून.” “मग मासा खा.” “मासा तू आणलायस की.” दोघंही जरा हसली. किती सहज! मला ओरडावंसं वाटत होतं. मला ओरडता येतं, हे मला यंदाच कळलंय. मार्चमध्ये आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा होती, विषय ‘व्यक्ती आणि तिचे हक्क’, आणि आमच्या नागरिकशास्त्राच्या मॅडमनी माझं नाव दिलं कारण ज्याचं द्यायचं त्याला गोवर निघाला. मी उभी राहिले आणि मग माझ्या तोंडातून एक आवाज आला जो मी आधी कधी ऐकला नव्हता. मोठा, जाड, मजेशीर आवाज. माझाच! सभागृह मागच्या भिंतीपर्यंत माझं झालं. मी म्हणाले, हक्क म्हणजे कोणी दिलेली भेट नाही. तो कातडीसारखा असतो. राजानं दिला नाही, सरकारनं दिला नाही, जमातीनं दिला नाही, म्हणून त्यांना काढून घेता येत नाही; आणि तुम्हाला स्वतःलासुद्धा तो कोटासारखा उतरवून खुंटीला टांगता येत नाही. टाळ्या! पहिलं बक्षीस! आई तिसऱ्या रांगेत रडत होती, मला वाटलं अभिमानानं. तेव्हापासून मी ताठ चालते. बेकरीवाला मला ‘वकीलसाहेब’ म्हणतो. आणि आज माझी आई माझ्यासमोर कातडी उतरवत होती, शांतपणे, बटणं काढल्यासारखी, आणि ती उतरत होती! माझं अख्खं भाषण खोटं पडत होतं.

मॅडमना मी हे विचारलं होतं, मागच्या आठवड्यात, तास संपल्यावर. त्या फळा पुसत होत्या. म्हणाल्या, “यागोदा, सोडण्याचाही हक्क असतो. तुझी आई सज्ञान आहे. तिला तू जबरदस्तीनं मालक करणार आहेस का? मग तुझ्यात आणि बाकीच्यांत फरक काय?” मला उत्तर सुचलं नाही. रस्ताभर सुचलं नाही. आता, या खुर्चीवर, माशाच्या वासात, सुचत होतं: मॅडम, सगळ्या बहिणी आपापल्या मर्जीनं एकच वाक्य बोलतात, त्याच शब्दांत, इतक्या त्याच शब्दांत की एकीचं नाव दुसरीच्या कागदात राहून जातं, तर ती मर्जी कोणाची? पण मॅडम इथे नव्हत्या. उत्तरं मला नेहमी अशी रिकाम्या वर्गात सुचतात.

आणि हक्कांबद्दल आमच्या देशात कोणी बोलत नाही असं नाही. उलट, दुसरं काही बोलतच नाहीत! टीव्ही लावला की हक्क. राष्ट्राचा हक्क, भाषेचा हक्क, चर्चचा हक्क, पूर्वजांच्या हाडांचा हक्क. मामा स्वतः मोर्च्यांत जायचा. मी लहान असताना त्याच्या खांद्यावर बसून गेलेय, त्याच्या केसांत बोटं घालून, हजारो मेणबत्त्या, आणि मामा सगळ्यांच्या वर आवाज काढून ओरडायचा, “सोडणार नाही! एक वीत सोडणार नाही!” त्याच्या मानेच्या शिरा माझ्या पोटऱ्यांना लागायच्या. मी पण ओरडायचे. सोडणार नाही! काय सोडायचं नाही ते मला माहीत नव्हतं, पण काय छान वाटायचं! अश्रुधुरानं त्याचे डोळे आठवडाभर लाल होते आणि आई त्यांवर कॅमोमाइलच्या चहाच्या पट्ट्या ठेवायची. सगळ्यांचे मिळून हक्क असतात तेव्हा ते केवढे मोठे दिसतात, झेंड्यांसारखे. एका माणसाचा, त्यातून बाईमाणसाचा, एकटा असला की तो केवढासा होतो. खोकल्यासारखा. सभेत दाबून टाकावा असा.

मला मामा आवडतो, हे एकदा सांगून टाकते. माझे वडील आम्हाला सोडून गेल्यावर मला पोहायला त्यानं शिकवलं. तळ्याचं पाणी हिरवं, कमळाच्या देठांनी भरलेलं, ते देठ पायांना लागले की मी किंचाळायचे. माझ्या पोटाखाली त्याचा रुंद तळहात. “सोडू?” “नको! मामा, सोडू नको!” “बरं, नाही सोडत.” आणि मी हातपाय मारत राहिले आणि मागे वळून पाहिलं तर तो पार मागे, छातीभर पाण्यात, दोन्ही हात वर करून उभा, हसत. “केव्हाच सोडलं, चिमणे!” या माणसाच्या तोंडावर मी काय फेकू? हा माणूस चोर नाही. हा माणूस जे घेतो ते त्याला आणून दिलं जातं, आणि तो मासा घेऊन येतो.

आणि तरी. तरी! मागच्या रविवारी आई गच्चीवर मिरच्या भाजत होती, हिवाळ्याच्या लोणच्यासाठी, लाल मोठ्या मिरच्या, सालं काळी पडून फुटत होती. मी फोन घेऊन वर गेले. गणिताच्या तासाला बाकाखाली मी वारसाचा कायदा वाचून काढला होता, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. “आई, तुला माहितीये का, तू सोडलंस की माझंही सुटतं? इथे लिहिलंय. सोडणाऱ्याच्या मुलाबाळांनाही ते लागू. तू मेलीस असं धरून त्यांना तुझ्या जागी येता आलं असतं, पण नाही, तुझ्याबरोबर मलाही पुसणार. आणि मी अज्ञान आहे तरी कोणाला विचारायला नको, कोणाची परवानगी नको! सायकल विकायची तरी पालक लागतो! फक्त सोडणारीनं स्पष्ट म्हटलं की मी माझ्यापुरतंच सोडते, तरच मुलं वाचतात. आई, माझं नाव त्या कागदात कुठेही नाही आणि मी त्यात आहे. मला कोणी विचारलं का? मला कोणी विचारलं?” ती मिरचीचं साल काढत होती. बोटं लाल. “हळू,” म्हणाली, “शेजारी ऐकतायत.” “ऐकू देत!” “यागोदा, मी वाटा घेतला तर मी भावाच्या दारात कशी उभी राहू? सणाला कुठे जाऊ? मी मेले तर मला कोण रडेल?” “मी रडेन!” “तू एकटी,” ती म्हणाली, आणि पुढची मिरची उचलली. आठवडाभर मी हे तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. भांडी घासताना, बसमध्ये, दाराआडून. काल तिनं काळ्या कपड्यांना इस्त्री केली तेव्हा मी समजले की ती सही करणार.

“झालं एकदाचं, निघाला,” नोटरीबाई दारात आल्या, हातात चुरगळलेला कागद, बोटांना शाई. “आता नवीन घालते.” आणि माझ्या तोंडातून तो आवाज आला, मार्चमधला. “बाई, तुम्ही तुमचा हक्क सोडलात का?” आईनं माझ्या पायावर पाय दिला. बाईंनी मला नीट पाहिलं. नखं रंगवलेली, सूट चांगला, भिंतीवर सोनेरी चौकटीत पदवी. मला वाटलं रागावतील. “सोडला,” त्या म्हणाल्या. “दोन भावांसाठी.” “पण तुम्हाला तर कायदा पाठ आहे!” “पाठ आहे. म्हणून तर काय सोडलं ते बरोबर माहीत आहे.” मग म्हणाल्या, “मुली, नाताळच्या जेवणाला टेबलावर कायदा येऊन बसत नाही. भाऊ बसतो.” मामा खाकरला. “शाळेत फार बोलायला शिकवतात हल्ली,” तो म्हणाला, पण प्रेमानं, आणि आईच्या मागून हात लांब करून त्यानं माझे केस विसकटले. “काय गं चिमणे? मामा काय तुला उन्हाळ्यात घराबाहेर काढणार आहे? वरची खोली तुझीच.” तुझीच! घरमालकिणीचीसुद्धा हीच भाषा: हे तुमचंच घर समजा. समजा. मला समजायचं नव्हतं. मला किल्ली हवी होती. मी माशाच्या शेपटीकडे बघत बसले, कारण बोलायला लागले असते तर रडले असते, आणि रडणारी मुलगी म्हणजे यांच्या दृष्टीनं वाद संपला.

“नवीन छापताय ना?” आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. “हो, नाव दुरुस्त केलंय, काळजी नको,” बाई म्हणाल्या.

“मग छापताच आहात तर एक वाक्य घाला खाली. मी हे फक्त माझ्यापुरतं सोडते आहे.”

बाईंचा हात हवेत राहिला. “बाई, याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे?”

“हिला माहीत आहे,” आईनं हनुवटीनं मला दाखवलं. “हिनं आठवडाभर माझं डोकं खाल्लंय. मिरच्यांसकट.”

“म्हणजे काय?” मामा अजून हसत होता. “ताई, काय हे? आपलं काय ठरलंय?”

नोटरीबाईंनी चष्मा खाली घेतला आणि कोरड्या आवाजात सांगितलं की म्हणजे स्तांकाबाईंचा हक्क गेला, आणि त्यांच्या जागी त्यांची मुलगी आली. अर्ध्यावर. मामाचं हसू चेहऱ्यावरच विसरल्यासारखं राहिलं. मग ते गेलं. “स्तांका,” तो म्हणाला. ताई नाही, स्तांका. “तू माझ्याकडून घेतेस?”

“मी कुठे घेतलं रे? भावाची शपथ, मी एक दगड घेतला नाही. बहिणीनं सोडायचं असतं, मी सोडलं. लिहिलंय बघ.”

“आणि ही?”

“ही तुझी बहीण आहे का? भाची आहे. भाचीनं सोडायचं असतं असं तू कधी ऐकलंयस? मी तर नाही ऐकलं. बाबांनीसुद्धा कधी सांगितलं नाही.”

मामाच्या मानेच्या शिरा फुगल्या, मला ओळखीच्या शिरा. खरंच कोणी कधी सांगितलं नव्हतं. आठ पिढ्यांच्या त्या झाडात भाचीसाठी काही नियमच नव्हता, कारण भाची कधी इतक्या लांब येऊन पोचलीच नव्हती. “लोक काय म्हणतील?” तो शेवटी म्हणाला. “तुला काही म्हणणार नाहीत,” आई म्हणाली. “मला पण नाही. हिला म्हणतील.” आणि तेव्हा मला कळलं. त्या क्षणापर्यंत माझं काळीज ढोलासारखं वाजत होतं, जिंकलो, जिंकलो, आणि तेवढ्यात मला कळलं की तिनं भाऊ ठेवून घेतला आणि मला घर दिलं, आणि मामा, माझा मामा, माझ्या हातून गेला. मला विचारलं का कोणी? पुसताना विचारलं नव्हतं, लिहिताना पण विचारलं नाही!

बाई टाईप करायला बसल्या होत्या. “मुलीचं नाव?” त्या आईला विचारत होत्या; आई पर्सच्या पट्ट्याकडे बघत राहिली. मामा माझ्याकडे बघत होता. तळ्यात पार मागे उभा राहून बघायचा तसा, पण हात वर केलेले नव्हते. मी नुसती गप्प राहिले असते तर? नुसती “मामा” म्हणाले असते तर? स्पर्धेतली ती भिंत हलवणारी मुलगी कुठेतरी निघून गेली होती, आणि तिच्या जागी खुर्चीवर चढलेली एक पहिलीतली पोर होती, हातात पेन्सिल.

“यागोदा,” मी म्हणाले. फार मोठ्यानं नाही. मग अक्षरं चुकू नयेत म्हणून परत, सावकाश, आडनावासकट.

सह्या झाल्या. मामानं केली नाही, त्याची लागतही नव्हती. तो उठला, दारापर्यंत गेला, तिथून परत आला. वाकून पिशवी उचलली. मला वाटलं, मासा घेऊन जातोय. त्यानं पिशवी आईच्या मांडीवर ठेवली, पर्सवरच, आणि तिच्या खांद्याला हात लावला. तिनं सोडलं होतं, त्यानं द्यायला हवं होतं. तिचं-त्याचं चुकतं झालं. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. चिमणे म्हणाला नाही. माझ्या डोक्यावरून हात नेला तो थेट दाराच्या मुठीवर.

बाहेर ऑक्टोबरचं ऊन, अजून उन्हाळ्यासारखं. आम्ही मोराचा नावाच्या नदीवरच्या पुलावरून चालत निघालो, आई पुढे, मासा तिच्या हातात, शेपूट हलतंय, मी मागे, धुमसत. “हे मला आधी का नाही सांगितलंस?” “सांगितलं असतं तर तू भाषण केलं असतंस.” “तू मला पुढे केलंस! स्वतः चांगली राहिलीस आणि मला वाईट केलंस!” “हो,” ती म्हणाली. नुसतं हो. वळली नाही. “मला एवढंच जमलं. माझ्यापुरतं.” तिच्या काळ्या पाठीवर घामाचा नकाशा उमटला होता, आणि मला तिला मिठी मारायची होती आणि ढकलायचंही होतं. “तो माझ्याशी बोलणार नाही आता!” “कदाचित नाही बोलणार.” “मग मला नको ते घर!” ती थांबली. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आणि माझ्याकडे पाहिलं, वर्गातल्या मुलांकडे पाहते तसं, नकाशावर देश दाखवायला सांगून. “मग सोड,” म्हणाली. “अठरा पूर्ण झाली की जा त्याच बाईंकडे. त्यांच्याकडे वाक्य तयार असतं. आता हक्क तुझा आहे, तर सोडायचाही तुलाच.”

“सोडणार नाही!” मी ओरडले. पुलावरची माणसं वळली. एक सायकलवाला थांबला. “एक वीत सोडणार नाही!”

आणि मी स्वतःच दचकले. मार्चमध्ये सापडलेला, जाड, मजेशीर, माझा म्हणून मी तेव्हापासून मिरवलेला तो आवाज नदीवरून परत आला, तेव्हा तो हुबेहूब मामाचा होता.